एक्केचाळीस ओळी

"अजिबात हात लावायचा नाही," न्या देओलिंदा, म्हणजे देओलिंदाबाई, गावच्या दवाखान्यातली नर्स, फोनवर म्हणाली. "मार्चमध्ये लावलास, तेवढं पुरे झालं."

दुरून दवाखान्याच्या कॉम्प्युटरचं काम पाहणाऱ्या निल्साने घड्याळ पाहिलं. साडेदहा. ज्या कंपनीच्या यंत्रावर दवाखान्याची वेबसाइट ठेवली होती, तिचं पत्र समोर उघडं होतं. नंबर देणारं प्लगिन, म्हणजे वेबसाइटला जोडलेला छोटा प्रोग्राम, जुनं झालं आहे, त्याला भोक आहे, रुग्णांची नावं आणि फोन चोरीला जाऊ शकतात. बारापर्यंत अपडेट करा, नाहीतर पान बंद. हे तिसरं पत्र होतं.

"मी हात लावला नाही तर ते कुलूप लावतील. मग उद्याचे नंबर देणार कुठून?"

"आणि लावलास की सगळं पुन्हा स्पॅनिश. म्हाताऱ्यांना कळत नाही, मग कोणी बटण दाबत नाही आणि पहाटे तीनला सगळे फाटकाशी उभे. मार्चमध्ये डॉन वेन्सेस्लाओ रांगेतच कोसळला. उचलायला मी होते, तू नव्हतीस. आता तर जुलै, आपला ऐन हिवाळा."

पासो पिंदोच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई फक्त गुरुवारी यायच्या आणि वीसच माणसं तपासायच्या. आदल्या दिवशी, म्हणजे बुधवारी, दुपारी बाराला पानावर नंबर खुले व्हायचे. लोक आपल्या घरच्या ग्वारानी भाषेत वाचायचे आणि घरबसल्या नंबर घ्यायचे. ती ग्वारानी निल्साच्या आधीच्या माणसाने, आर्सेनियोने, थेट प्लगिनच्या पोटात लिहून ठेवली होती. म्हणजे भाड्याच्या घराच्या भिंतीवर घरच्यांची नावं लिहावीत, तसं. मालकाने रंग काढला की गेली. दर अपडेटला जायची. आर्सेनियो ब्युनोस आयर्सला गेला होता आणि फोन उचलत नव्हता.

"मी त्याच्या ओळी बाहेर काढून वेगळ्या ठेवते," निल्सा म्हणाली. "मग कितीही अपडेट आले तरी पुसणार नाहीत."

"हे मार्चमध्ये करता येत होतं?"

"येत होतं."

"मग?"

"मग नाही केलं! जुनंच प्लगिन परत बसवलं आणि मोकळी झाले. झालं समाधान?"

"ओरडू नकोस गं. माझ्यासमोर सहा लेकरं लशीला रडताहेत, त्यात तू सातवी."

फोन ठेवायला ती तयार नव्हती. निल्साने तो टेबलावर बोलता ठेवला आणि कामाला लागली. ओळी एक्केचाळीस होत्या. एकेक उचलायची, नव्या जागी ठेवायची, तपासायची. फोनमधून लेकरांचं रडणं येत होतं आणि मधूनच न्या देओलिंदाचं "कितवी?" निल्साचा माटे, नळीने ओढायचा कडू चहा, केव्हाच गार झाला होता. ती तसाच ओढत राहिली.

अकरा चाळीसला ती अडतिसाव्या ओळीवर थांबली. मूळ स्पॅनिशमध्ये बटणावर एकच शब्द होता: 'रद्द'. आर्सेनियोने त्याजागी ग्वारानीत लांबलचक काहीतरी लिहिलं होतं: 'माझा नंबर जास्त दुखतंय त्याला द्या.'

"काय माणूस आहे हा," ती पुटपुटली. "एक शब्द धड करता येत नाही." तिने शब्दकोश उघडून सरळ शब्द टाकला आणि मोठ्याने वाचून दाखवला.

"तो काढ," न्या देओलिंदा म्हणाली.

"अहो, बरोबर शब्द आहे."

"असेल बरोबर. आधी तोच होता. एकानेही कधी दाबला नाही. डॉक्टरीणबाईंना नको म्हणायचं? इथं कोणाची जीभ रेटते? यायचेच नाहीत गुपचूप, आणि खुर्ची रिकामी. आर्सेनियो दिवसभर माझ्या बाकावर बसून होता, लोकांचं बोलणं ऐकत. मग हे लिहून गेला. त्यानंतर खुर्ची रिकामी राहिली नाही."

निल्साने आपला शब्द खोडला आणि आर्सेनियोची ओळ होती तशी ठेवली.

बाराला सहा मिनिटं असताना तिने अपडेटचं बटण दाबलं. निळी पट्टी सरकायला लागली, मध्येच अडकली, पुन्हा सरकली. तिच्या तोंडून निघालेला शब्द न्या देओलिंदाने ऐकला आणि लेकरांसमोर असलं बोलू नये, असं सुनावलं. पट्टी पूर्ण झाली. पान उघडलं. ग्वारानी जागच्या जागी होती.

बाराला नंबर खुले झाले. खरंच मिळतात का पाहायला निल्साने स्वतःचं नाव घातलं. सात नंबर मिळाला. बाकीचे डोळ्यांदेखत भरत गेले आणि बारा वाजून चार मिनिटांनी वीसही संपले.

"सातला ही निल्सा ओवेलार कोण गं?" फोनमधून आवाज आला. "आमच्या गावात तर नाही अशी कोणी."

"सोडते, सोडते. तपासत होते."

तिने अडतिसाव्या ओळीचं बटण दाबलं. सातची चौकट हिरवी झाली. तिच्यावर आर्सेनियोचीच आणखी एक ओळ उमटली: 'हा नंबर कोणीतरी तुमच्यासाठी सोडला आहे.' मिनिटभरात चौकट पुन्हा भरली. एउस्ताकिया बेनितेस, वय एक्क्याऐंशी.

'काय होतंय' या रकान्यात आजींनी लिहिलेलं दिसलं: "गुडघा. ज्यांनी नंबर सोडला, त्यांना आता बरं आहे ना?"