मोजणीची दुर्बीण

राणीच्या राज्यातली गोष्ट. ठाण्याच्या मिठागरात इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं मोजणी शिकायला आली. त्यांत तिथल्याच गावचा फिलिप. सुट्टीत या शहाण्यानेच आईला सांगितलेलं, "मोजणीच्या दुर्बिणीत माणूस उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर!" आज लेकासाठी टोपली घेऊन आई बांधावरून आली, तर दुर्बीण तिच्याकडेच वळलेली. टोपली खाली टेकवून तिने दोन्ही हातांनी लुगडं गुडघ्यांशी गच्च आवळलं. पोरं खो खो हसली. "लुगडं उलटेल म्हणून घाबरली रे! फिलिप, ओळखीची आहे का?" फिलिपही हसला. "छे! असेल कुणी मजूर." आईने ऐकलं. टोपली आणून तिने पोरांपुढे ठेवली. "मजूरच हाय. तांदळाची सांदणं इकायला आणलीत," म्हणत एकेकाला देत गेली. फिलिपची मात्र मान वर होईना. "घ्या, सायेब." खाली त्याला दिसलं, तिच्या दुसऱ्या मुठीत अजून आवळलेलं लुगडं.