रंगजुळणी

गाब्रोवो शहरात स्पासचं छपाईचं दुकान आहे. एप्रिलमध्ये मेतोदीकाका आणि त्सोन्काकाकू लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून काढलेला दोघांचा फोटो मोठा करायला देऊन गेले. छापून निघाला तेव्हा काकांचा चेहरा पिवळट दिसत होता. स्पासने मशीनची रंगजुळणी नव्याने केली आणि पुन्हा छापला. काकू व्यवस्थित, काका तसेच पिवळे. फोटो काढतानाच उजेड चुकला असणार, असं समजून त्याने काकांच्या चेहऱ्यातला पिवळा कमी केला आणि गुलाबी जरा वाढवला.

दुसऱ्या दिवशी फोटो पाहून काकू म्हणाल्या, "अगं बाई, हे तर परत नवरदेव झाले."

"म्हणजे तुला नवा नवरा फुकटात मिळाला," काका म्हणाले.

नोव्हेंबरात काकू एकट्याच आल्या. काका गेल्याची पत्रकं छापून हवी होती, घराच्या फाटकावर आणि बसथांब्यावर लावायला. फोटो तोच दिला, एप्रिलमध्ये स्पासने छापलेला.

"काय झालं होतं काकांना?" स्पासने विचारलं.

"पित्ताच्या नळीत गाठ. डॉक्टर मलाच बोलले. म्हणाले, वसंतातच पिवळे पडले असणार, तेव्हा आणलं असतं तर वाचले असते. बायको असून तुम्हाला दिसलं कसं नाही?"

काकूंनी फोटो त्याच्यासमोर सरकवला.



"तूच सांग रे स्पास, यात कुठे पिवळे दिसतात ते?"