मूळ विधान

फिलोमिनाच्या एम.एड.च्या प्रबंधातलं प्रकरण गाइडबाईंनी मुंबईहून पुन्हा कतारमध्ये, दोह्याला परत धाडलं. शेरा होता, ‘नुसती लेखकांची रांग लावू नका. मूळ विधान कोणाचं, त्याला दुजोरा कोणाचा, खोडून कोणी काढलं, ते दाखवा.’

तिथल्या शुक्रवारच्या सुट्टीचा मिस्सा बुडवून ती त्यातच डोकं खुपसून बसली होती, तेवढ्यात नवरा, नॉरबर्ट, चर्चमधून आला.

“काल मम्मीचा फोन होता. म्हणते, फिलोमिनाने आता हा अभ्यास सोडावा.”

फिलोमिनाने कॉलिंग कार्ड खरवडलं आणि तडक वसईला सासूबाईंना फोन लावला.

“मी कशाला असं म्हणू गो?” सासूबाई उखडल्याच. “तोच रडत होता, अभ्यासापायी घरात सुके बोंबीलसुद्धा कोणी तळून देत नाही. मी आपलं ‘हो रे बाबा’ म्हटलं.”

फोन ठेवून फिलोमिना नवऱ्याकडे वळली.

“मूळ विधान तुझं, मम्मीचा नुसता दुजोरा, आणि नाव मात्र तिचं एकटीचं! प्रकरण नामंजूर.”

“अगं, पण बोंबील?”

“घरातच आहेत. कुठे आहेत, त्यावर स्वतंत्र संशोधन कर.”