पोथ्यांचा फ्रीजर

प्रयोगशाळेतला फ्रीजर बंद पडला, तशी शाल्मली बेडकांच्या नमुन्यांचा डबा छातीशी धरून थेट इतिहास विभागात धावली. पोथ्यांना लागलेली कसर गोठवून मारायला तिथे मोठा फ्रीजर होता, पण तोही गच्च भरलेला.

"सर, डब्यातला बर्फ वितळतोय. थोडी जागा करा ना!"

"आत्ता पोथी काढली, तर कसर मरणार नाही. पानांचा भुगा करेल," तांबवेकर सर म्हणाले. "बेडूक पुन्हा नाही का मिळणार?"

"हे ज्या कातळाच्या सड्यावर सापडले, तिथे आता खाण झालीय, सर. तिथे एकही बेडूक उरला नाही."

सर वाकून पोथ्यांवरची नावं वाचत राहिले. डब्यातून पाणी ठिबकू लागलं. अखेर त्यांनी एक जाड पोथी बाहेर काढली. तिच्यावर ते स्वतःच काम करत होते.

"ठेव लवकर," ते शाल्मलीकडे न बघता म्हणाले.