सीटवरचा वार

“आत्मा-बित्मा काही नाही, मास्तर. एकदा हवा गेली की गेली!” पंपकाकांनी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबली आणि बुडबुडे कुठून येतात ते बघू लागले. सायकली दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती, आणि पुनर्जन्माची टर उडवण्यातही तेवढीच.

मास्तर स्टुलावर बसले होते. पंक्चर निघेपर्यंत वाद घालायचा हा त्यांचा नेम. “मग एवढे लोक मानतात ते काय उगीच?”

“घाबरतात म्हणून मानतात. आपलं तर एक जन्म, एक घंटी, खेळ खलास!”

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. सायकल कोणत्या वारी द्यायची, ते काका तिच्या सीटवर खडूने लिहून ठेवत. दिलेला वार त्यांनी कधी चुकवला नाही. फक्त लिहिलेलं पुसायला हमखास विसरत. त्यामुळे गल्लीतली निम्मी माणसं बुडावर उलटा ‘मंगळवार’ छापून हिंडत, आणि काकूंना त्याचं कोण हसू येई.

काकू चहा घेऊन बाहेर आल्या, तसं मास्तरांनी त्यांनाच मध्ये ओढलं. “वहिनी, तुम्ही सांगा. पुढचा जन्म असतो?”

“असतो की.”

“कशावरून?”

“मला सायकल शिकायचीय ना. या जन्मी राहिली.”

मास्तर खो खो हसले. काकाही हसले. “घ्या! पुराव्यानिशी शाबीत! अगं, हे खूळ तुझ्या डोक्यात भरवलं कुणी?”

“तुम्हीच,” काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. “लग्नाच्या पहिल्या वर्षी मी म्हटलं, मला शिकवा. तुम्ही म्हणालात, पुढच्या जन्मी शिकवीन. नंतरही दोनदा विचारलं, दोन्हीदा तेच. तुम्ही दिलेला शब्द कधी मोडत नाही. मग म्हटलं, असणारच पुढचा जन्म.”

एवढं बोलून त्या रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या.

मास्तरांनी चहात तोंड घातलं. काका बुडबुडे बघत राहिले. अख्ख्या गावाला त्यांनी वार दिले होते. सोमवार, बुधवार, शनिवार. आणि ज्या जन्मावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, नेमकं त्याच जन्मात बायकोचं एवढंसं मागणं ढकलून दिलं होतं. काकांना लाज वाटली. अगदी मनापासून वाटली.

मास्तरांचं पंक्चर त्यांनी घाईघाईने काढलं आणि सायकल त्यांच्या हातात दिली. मग खुंटीवरची बायकांची बिनदांडीची सायकल खाली काढली. चेनला तेल सोडलं, ब्रेक दोनदा तपासले, काकूंचे पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घेतली. शेवटी खडू उचलला.

“अगं ए, जरा बाहेर ये.”

काकू हात पुसत आल्या. सीटवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आज’. त्या वाचतच राहिल्या. डोळे भरून आले तरी जीभ काही गप्प बसेना. “अगंबाई! म्हणजे मेले की काय मी?”

“आधी बस. मरायचं ते मग बघू.”

गल्ली दारात येऊन उभी राहिली. काकू पुढे हेलकावे खातायत, काका मागे कॅरिअर धरून पळतायत. पहिल्या फेरीला काकू किंचाळल्या, दुसऱ्या फेरीला देवाचं नाव घेतलं, तिसऱ्या फेरीला विनाकारण घंटी वाजवायला लागल्या. मध्ये एकदा उतरल्या, तर बुडावर उलटा ‘आज’ छापलेला. काका पुसायला विसरले होते.

“अहो, धरलंय ना? सोडू नका हं!”

“सोडीन की,” धापा टाकत काका म्हणाले, “पुढच्या जन्मी.”