ओवेसचा तारा

“धूळ आहे ती,” अनुपम सर म्हणाले. “कॅमेरा साफ करत जा रे.”

ओवेसने मान हलवली. त्याच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर दोन फोटो शेजारी शेजारी उघडे होते. सप्तर्षींच्या शेपटीजवळची एकच दीर्घिका, एक फोटो मागच्या वर्षीचा, एक या आठवड्यातला. नव्या फोटोत कडेला बारीक पांढरा ठिपका होता. जुन्यात नव्हता.

सर त्या धुळीकडे फार वेळ बघत राहिले. मग सगळ्या मूळ फाइली पेन ड्राइव्हवर मागितल्या. ओवेसने दिल्या.

कोपऱ्यात पासपोर्ट फोटो कापत बसलेली त्याची बायको नाजनीन हे सगळं ऐकत होती. तिला कळेना. धूळ असेल तर ती खिशात घालून कर्जतला कशाला न्यायची?

शिळफाट्यावरच्या त्या दुकानात दिवसभर लग्नाचे अल्बम. ओवेस कुणाच्या पुटकुळ्या घालवायचा, कुणाचे मिटलेले डोळे उघडून द्यायचा. खोपोलीचं आभाळ हायवेच्या दिव्यांनी पिवळं, म्हणून दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन कडावला मित्र धनेशच्या मोकळ्या शेतात जायचा. आठ-आठ रात्री एकाच तेजोमेघावर घालवून एक फोटो जमवायचा आणि मंडळात नेऊन दाखवायचा.

मंडळ म्हणजे कर्जतचं हौशी खगोल मंडळ, आणि मंडळ म्हणजे अनुपम सर. निवृत्त प्राध्यापक, गावातलं जुनं घराणं. मृगातल्या तेजोमेघाचा ओवेसचा फोटो मंडळाच्या कॅलेंडरवर आला तो सरांच्या नावाने. सूर्यग्रहणाचा पेपरात आला, तोही सरांच्याच. बाहेर याला चोरी म्हणतात. मंडळात मार्गदर्शन म्हणत. दोन्ही वेळा ओवेस गप्प बसला होता.

दूरच्या दीर्घिकेत एखादा तारा फुटला की असा नवा ठिपका दिसतो, हे नाजनीनला त्यानेच कधी तरी सांगितलं होतं. जगभरातले लोक असे तारे एका संकेतस्थळावर नोंदवतात. जो पहिला कळवेल, त्याचं नाव कायमचं.

“मग तुमी कळवा ना,” ती म्हणाली. “सरांची वाट कशाला बघताय?”

“बघू दे त्यांना. घाई नाय.”

हे म्हणताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

गुरुवारी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला. अनुपम सरांचा ऐतिहासिक शोध, दीर्घिकेत नवा तारा. रविवारी सकाळी कर्जतला हॉलमध्ये सोहळा, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते बटण दाबून हा शोध जगाला कळवला जाईल. आपल्याकडे गटाराच्या झाकणाचंही उद्घाटन होतं, मग ताऱ्याचं का नको?

नाजनीनने फोन त्याच्या ताटाशी ठेवला. त्याने सगळं वाचलं आणि आणखी अर्धी भाकरी मागितली.

“तुमाला राग येतो का नाय?”

“येतो की.”

“मग कुठं ठेवता तो? मला तरी दाखवा एकदा.”

“कालवण वाढ गं,” तो म्हणाला.

ती वाढत असताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू होतं की काय? दहा वर्षांच्या संसारात हा माणूस तिला पहिल्यांदाच कळेनासा झाला. घाबरतो म्हणावं, तर जेवण नीट जातंय. सोसून सोसून डोक्यावर परिणाम झाला असावा, अशी तिने स्वतःची समजूत काढली. रात्रभर तिला झोप नाही, आणि तो घोरत होता.

शनिवारी दुपारी तो खालापूरला साखरपुड्याच्या ऑर्डरीवर गेला. नाजनीनने शटर अर्धं खाली ओढलं आणि कॉम्प्युटरसमोर बसली. संकेतस्थळावर ओवेसचं खातं होतंच. सरांनी अजून काहीच कळवलं नव्हतं, बटण पाहुण्यांसाठी राखून ठेवलं होतं ना. तिने ओवेसच्या वहीतून दीर्घिकेचा क्रमांक घेतला, फोटोंच्या तारखा घेतल्या, फोटो जोडला. शोधकर्त्याचं नाव: ओवेस अबूबकर. शेवटी विचारलं होतं, फोटोत काही फेरफार केला आहे का? तिने बिनदिक्कत ‘नाही’वर बोट मारलं.

संध्याकाळी तो आला तर ती गुणगुणत भांडी घासत होती. उद्या मीही कर्जतला येणार, म्हणाली. ये, मजा आहे, तो म्हणाला. त्यात मजा कसली, हे काही तिला उमगलं नाही. तिने विचारलंही नाही. तिची स्वतःची मजा तिच्याकडे होती.

रविवारी हॉल गच्च भरला होता. सर अर्धा तास आपल्या एकांतातल्या तपश्चर्येवर बोलले. ओवेसचं नाव एकदाही आलं नाही. मग पडद्यावर संकेतस्थळ उघडलं, माहिती भरली, पाहुण्यांनी बटण दाबलं. टाळ्या सुरू झाल्या आणि अर्ध्यात विरल्या.

पडद्यावर इंग्रजीत ओळ आली होती. या जागी नवा तारा काल ओवेस अबूबकर यांनी कळवला आहे.

सरांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. पण मुरलेला माणूस तो. माइक हातात होताच.

“आमच्याच मंडळाचा मुलगा,” ते म्हणाले. “शोध त्याचाच. फोटोही सगळे त्याचेच. मी नुसता वाचून दाखवत होतो. ओवेस, वर ये.”

आयुष्यात पहिल्यांदा सर खरं बोलले होते. लोक उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतला एक पत्रकार वळून ओवेसचा फोटो काढू लागला.

नाजनीनला समोरचं दिसेना, डोळे भरून आले होते. तिने त्याला कोपराने ढोसलं. “उठा. मी कळवलं काल. तुमच्या नावानं.”

ओवेस उठला नाही. त्याने खुर्चीची कड घट्ट धरून ठेवली होती.

“नाजनीन,” तो तिच्या कानाशी म्हणाला, “तो तारा आभाळात नाय गं. फोटोत मी बसवलाय. सरांसाठी.”