किल्ली गाडीतच आहे

"किल्ली गाडीतच आहे," केटिल फोनवर म्हणाला होता. "दुकानापाशी उभी असेल, राखाडी. मी बोटीवर आहे, यायला संध्याकाळ होईल. दिवसभर चालवा, मग बोलू."

बसमधून उतरताच थोरहिल्डुरला ती दिसली. सहकारी दुकानाच्या अगदी दारात, चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेली, जुनी, राखाडी. किल्ली जागेवर होती. त्यात नवल नव्हतं. उत्तर किनाऱ्यावरच्या या गावांत कुणी किल्ली काढून खिशात घातली, तर लोक विचारतात, आमच्यापैकी कुणावर संशय आहे?

तिने सीट बरीच पुढे ओढली. "उंच दिसतो हा केटिल."

"उंच असो की बुटका, नदीला काय त्याचं?" एविंदुर म्हणाला आणि पट्टा दोनदा ओढून पाहिला.

नवऱ्याच्या तोंडून नदी निघाली की ती वाद घालत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांची गाडी नदीच्या मधोमध बंद पडली होती आणि बचाव पथक येईपर्यंत दोघं टपावर बसून होती. तेव्हापासून तंबू माळ्यावर पडला होता. आइसलंडच्या पठारावरचे रस्ते उन्हाळ्यात काय ते उघडतात; दोन उन्हाळे खिडकीतून बघण्यात गेले. खूप मागे लागल्यावर तो एवढंच म्हणाला होता, "एक गाडी बघू. एकच. तिच्यातही मला भीती वाटली, तर तंबू विकून टाकायचा."

थोरहिल्डुरने सकाळचं स्तोत्र म्हटलं होतंच. किल्ली फिरवताना त्याची शेवटची ओळ पुन्हा पुटपुटली.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. बंदराभोवती चकरा मारून तिने ब्रेक पाहिले, चढावर थांबून पाहिलं. एविंदुरने मागे वळून सामान न्याहाळलं. लांब रबरी बूट, दोर, साबण, घोंगडी. थर्मासही होता, आणि कागदात गुंडाळलेल्या चपट्या भाकऱ्या, आत धुरावलेलं मटण.

"कॉफी गरम आहे," तो म्हणाला. "अनोळखी माणसासाठी इतकं कोण करतं गं?"

"देव त्याचं भलं करो. थर्मास धुऊन परत द्यायचा, आठवण कर."

गावाच्या टोकाला एक उंच म्हातारा रस्त्यातच उभा होता, दोन्ही हात वर करून. तिने गाडी थांबवली. तो धापा टाकत खिडकीशी आला.

"अहो, ही गाडी—"

"बसा, बसा. कुठं सोडू?" ती म्हणाली. "केटिलची गाडी बघायला आलोय आम्ही. आज ही पसंत पडली नाही, तर हा माझा माणूस पुन्हा घराबाहेर पडायचा नाही. एकदा नदीत अडकला होता."

"सगळ्या गावाला सांग," एविंदुर म्हणाला.

म्हाताऱ्याने थर्मासकडे पाहिलं. मग एविंदुरच्या हाताकडे. त्या हाताने दाराची मूठ घट्ट धरली होती.

"केटिलची," तो म्हणाला. "बरं." आणि मागे बसला. गुडघे पोटाशी आले. दार लावताना त्याने ते किंचित उचलून ओढलं, तेव्हा ते लागलं. "मी ओड्डुर. नदीपलीकडच्या गोठ्यात गाय अडलीय. पोचवाल का?"

"नदी?" एविंदुर म्हणाला.

"उथळ आहे. आणि ही गाडी थांबत नाही. गावात सगळ्यांना सगळ्यांच्या गाड्या ठाऊक असतात."

पाण्याशी आल्यावर ओड्डुर पुढे वाकला. "जिथं पाणी खळखळतंय, तिथून घ्या. गुळगुळीत दिसतं ते खोल. पहिल्या गिअरवर, आणि पलीकडच्या काळ्या दगडावरून नजर हलवू नका."

पाणी दाराला लागलं. गाडी एकदा कुरकुरली, आणि चालत राहिली.

पलीकडे ओड्डुरने बूट, दोर आणि साबण उचलला.

"दुसऱ्याच्या वस्तू बिनधास्त उचलता की हो," थोरहिल्डुर हसून म्हणाली.

"केटिल काही म्हणायचा नाही. तुम्ही वर धबधब्यापर्यंत जाऊन या. परत जाताना मला घ्या म्हणजे झालं."

ती दोघं वर गेली. धबधब्यापाशी बसून भाकऱ्या खाल्ल्या, कॉफी संपवली. एविंदुरने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग उठून ड्रायव्हरच्या बाजूला गेला.

"सरक. नदी मी ओलांडतो."

ती सरकली. डोळ्यांत पाणी आलेलं त्याला दिसू नये म्हणून खिडकीबाहेर बघत राहिली.

ओड्डुर गोठ्याबाहेर हात पुसत उभा होता. "कालवड झाली. दोघी ठीक आहेत. तुम्ही भेटलात म्हणून. चालत पोचलो नसतो."

"आभार केटिलचे माना," एविंदुर म्हणाला, आणि ओड्डुर मागे बसताच त्याने गाडी पाण्यात घातली. नजर काळ्या दगडावर नव्हती. दगड आता मागे राहिला होता. एविंदुर समोर बघत शीळ घालत होता.

दुकानासमोर एक बुटका माणूस खिशात हात घालून उभा होता.

"तुम्हीच का अकुरेयरी शहरातून गाडी बघायला येणारे? मी केटिल. गाडी जागची हललेली नाही. म्हटलं, आलाच नाहीत."

"जागची?" थोरहिल्डुर म्हणाली.

"ती काय, दुकानामागं. वाऱ्याच्या आडोशाला."

तिने वळून पाहिलं. तिथे एक राखाडी गाडी उभी होती.

एविंदुर केव्हाच खाली उतरला होता. त्याच्या जागी ओड्डुर बसला होता. न बघता हात खाली घालून त्याने सीट पार मागे सरकवली आणि दार किंचित उचलून लावलं.

"थर्मास राहू द्या," तिने धुवायला काढून घेतलेला बघून तो खिडकीतून म्हणाला. "तो रोज मीच धुतो."